शटरांवरच्या लाल फुल्या

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुबईत, खाडीजवळच्या एका गल्लीत आमचं फरसाणाचं दुकान होतं. गल्ली मूळची आफ्रिकी वंशाच्या लोकांची. त्यांचे आजे-पणजे झांझिबारकडून जहाजातून आणलेले, काहींना तर विकायलाच आणलेलं. समोरच्या रांगेत ऊद-लोबान विकणारी म्हातारी त्यांच्यातलीच. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिच्या रांगेमागच्या अंगणात त्यांची लग्नं लागत, ढोल वाजत.

एका सकाळी सगळ्या शटरांवर लाल फुल्या दिसल्या. नगरपालिका गल्ली पाडून पार्किंग करणार होती.

खालानं दुकानदार जमवले. "सब मिलके ऑफिस जाएंगे," ती मला म्हणाली. "तू भी चल."

घरी सांगितलं तर नवरा उडालाच. "ते इथले नागरिक आहेत, त्यांना कोण हात लावणार? आपला व्हिसा कॅन्सल झाला की खलास!"

लेक ताटावरून उठली. "बाबा, आर वी गोइंग टू जेल?"

तरी मी गेले. खाला माझ्याशिवाय गेली असती, तर रोज तिच्यासमोर शटर उघडायला मला तोंड उरलं नसतं.

नगरपालिकेच्या ऑफिसात साहेबानं सगळ्यांचं ऐकलं. मग माझ्याकडे वळला. "तुम कौन?" माझं कामाच्या परवान्याचं कार्ड घेऊन तो आत गेला. दार बंद झालं. पळावंसं वाटत होतं, पण कार्ड आत होतं. खालानं माझं मनगट घट्ट धरलं. तिचाही हात गार पडला होता.

तो परत आला. हातात कार्डाची झेरॉक्स. "बोलो."

"साहब, अंगण रहने दो," एवढंच बाहेर पडलं. "इनके पास दुसरी जगह नहीं."

त्यानंतर घरची बेल वाजली की नवरा दाराच्या भोकातून बघितल्याशिवाय दार उघडत नसे.

काही महिन्यांनी निर्णय आला. अंगण आणि खालाची रांग वाचली. आमची रांग पाडली. आम्ही शारजाला दुकान हलवलं. व्हिसा रिन्यू करायच्या दिवशी नवऱ्याला काउंटरवर पाठवून मी बाहेर गाडीत बसून राहिले. तो पासपोर्ट हलवत आला, "झाला गं," म्हणाला, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.