जुळायला नको ते

आमच्या सरांना चहा दिला, की ते आधी कपाला बोट लावून बघत. वाफ समोर दिसत असली तरी. जालना एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख होते आणि सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे ‘शंकासुर’ म्हणे. हे नाव कुणी पाडलं याचाही त्यांना संशय होता. तो माझ्यावर होता.

पिशव्यांवरचे लॉट नंबर प्रोग्रामने तपासायचे, हे आमचं काम. नंबर कसा असावा, याचा साचा रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये लिहायचा. आम्ही त्याला नुसतं पॅटर्न म्हणायचो. साच्यात बसला तो माल गाडीत, न बसला तो गोदामात. मी नवीन होते. पहिला पॅटर्न लिहिला, चांगले नंबर टाकून पाहिले, सगळे जुळले. हरखून सांगायला गेले, तर सर म्हणाले, “जुळलं ते नको सांगू. जुळायला नको ते काय जुळलं, ते सांग.”

नंबर इथूनच सुरू व्हावा, म्हणून पॅटर्नच्या आधी टोपीसारखं चिन्ह देतात. इथंच संपावा, म्हणून शेवटी डॉलरचं. सर त्या डॉलरला चप्पल म्हणत. “टोपी घातली, मंग चप्पल कुठंय पोरी? मागून कुणीबी चिकटंल!” मला भारी राग यायचा. माणसाने इतकंही किरकिरं असू नये.

त्या वर्षी लॅबने उगवण कमी आलेल्या लॉटच्या नंबरामागे एक जादा अक्षर लावायला सुरुवात केली, म्हणजे तो साच्यात बसू नये आणि गोदामातच राहावा. पेरणी तोंडावर आलेली. एका दुपारी सर स्वतःचाच जुना पॅटर्न उघडून बसलेले दिसले.

“सर, हा तर बराबर चालून राह्यला ना?”

“तेच तर. इतक्या वर्षांत एक तक्रार न्हाई. मला बिलकुल पटत न्हाई.”

त्यांनी मागे अक्षर लावलेला एक नंबर टाकला. जुळला! सरांच्याच पॅटर्नला चप्पल नव्हती.

तसला माल घेऊन एक गाडी कुंभार पिंपळगावला निघाली होती. ते माझं गाव. माझे वडील तिथल्याच दुकानातून बी घेतात. सरांनी ड्रायव्हरला फोन लावला, “गाडी जल्दी फिरव.” पलीकडून त्याने कुणाची चूक म्हणून विचारलं असावं. सगळं ऑफिस ऐकत होतं. सर म्हणाले, “माझी.” गाडी फाटकात आली, तेव्हा वाटेत एखादी पिशवी उतरवली की काय, म्हणून सर स्वतः मोजायला वर चढले.

आता ते निवृत्त होऊन केदारखेड्याला असतात. त्यांचा पॅटर्न अजून चालतो, चप्पल घालून. निवृत्त होताना त्यांनी त्याच्या डोक्यावर स्वतःच्या नावासह एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘हे मी लिहिलंय. विश्वास ठेवू नये.’

नवीन मुलं ती वाचून हसतात. मी ती कुणाला पुसू देत नाही. आणि माझ्या प्रत्येक पॅटर्नवर तीच ओळ लिहिते, खाली माझं नाव घालून.