पंच्याऐंशी अंशांचा कपॅसिटर

खराडीतल्या आमच्या ऑफिसात एसी इतका जोरात असायचा, की मे महिन्यातही मी ओढणी अंगाभोवती गुंडाळून बसायचे. त्या गारव्यात बसून आम्ही नळपाणी योजनेच्या पंपांसाठी कंट्रोल बोर्ड बनवायचो. ते पुढे विदर्भातल्या उन्हात, पत्र्याच्या पेटीत राहणार होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, अशी शंका आमच्या प्रमुखांना कधी आली नाही.

मी मूळची चंद्रपूरकडची. म्हणून बोर्डासाठी कपॅसिटर निवडताना मी एकशेपाच अंशांपर्यंत टिकणारा घेतला होता. बोटाच्या पेराएवढा डबा. आतला द्रव उष्णतेनं हळूहळू सुकतो, डबा फुगतो आणि बोर्ड बंद पडतो. त्याला कुठलं ऊन सोसायचंय ते आधी पाहायचं, एवढंच. आई लोणच्याची बरणी निवडताना याहून जास्त विचार करते.

तो कपॅसिटर यायला दोन महिने लागतील, असं खरेदी विभागानं कळवलं. प्रमुखांनी लगेच मिळणारा पंच्याऐंशी अंशांचा सुचवला. आकार तोच, पाय तेच, रंगही जवळपास तोच. त्यांच्या मते एवढं साम्य पुरेसं होतं. मी सांगितलं, की बंद पेटी उन्हात बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, आणि शेजारचा रेग्युलेटर स्वतःही तापून त्यात भर घालतो. त्यांनी मोबाइलवर हवामान पाहिलं.

"अहो मॅडम, चंद्रपूरला आज सत्तेचाळीस. अजून अडतीस शिल्लक आहेत. आपण काय तिथे पोळ्या भाजणार आहोत?"

सगळे हसले. मग चाचणी झाली. टेबलावर, एसीखाली, तीन दिवस. बोर्ड उत्तम चालले. न चालायला काय झालं? त्या हवेत आमचे प्रमुखही चालत होते.

बदलाच्या कागदावर डिझाइन करणाऱ्याची सही लागते. ती मी केली. विश्रांतवाडीला परतताना बसमध्ये मनातल्या मनात त्यांची यथेच्छ टर उडवली, आणि तेवढ्यावर मला फार शूर वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. तिकडच्या लोकांना नीट वापरता येत नाही, हे प्रमुखांचं निदान तयारच होतं. मी 'तिकडची', म्हणून बघायला मलाच पाठवलं.

गावाबाहेरच्या त्या पंपघरावर पन्नाशीच्या एक बाई कामाला होत्या. पेटी तापते म्हणून त्यांनी तिच्यावर ओलं पोतं टाकलं होतं. विजेच्या पेटीवर. मी घाईनं ते काढायला लावलं. झाकण उघडलं तर कपॅसिटरचं डोकं टरटरून फुगलेलं. अकरा दिवस अख्खं गाव एका हातपंपावर होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मग विचारलं, "हे ज्यानं बनवलं तो कधी उन्हाळ्यात इकडं आला होता का?"

"मीच बनवलंय," मी म्हटलं.

 त्या आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुण्यात मीटिंग झाली. पुरवठादारानं खराब माल दिला, असं प्रमुख म्हणाले. मी बदलाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"माल चांगला होता. आपण तो भलत्या जागी लावला. सुचवणं तुमचं, सही माझी."

 पुढच्या महिनाभरात सगळे बोर्ड बदलले गेले. त्यानंतर प्रमुखांनी टिकाऊपणावर एक भाषण दिलं. मी काढलेला फुगलेल्या कपॅसिटरचा फोटो पडद्यावर दाखवून, आमची टीम किती बारकाईनं विचार करते, हे त्यांनी समजावलं. टाळ्याही पडल्या.

मी त्याच आठवड्यात चाचणीसाठी ओव्हन मागितला. नवल म्हणजे तो आला. बोर्ड त्यात तापवून पाहिल्याशिवाय मी आता कशावर सही करत नाही. प्रमुख मला हट्टी म्हणतात. त्यांच्या तोंडून ते मला कौतुकच वाटतं.