बाळकुमच्या घरातला आवाज

डोंबिवली स्टेशनजवळ माझा एसटीडी बूथ होता, तेव्हा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत एक गृहस्थ रोज यायचे. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. नंबर दाबायचे, थोडं थांबून आणखी तीन आकडे दाबायचे आणि डोळे मिटून मिनिटभर नुसतं ऐकायचे. फोनवर एक शब्द बोलायचे नाहीत.

मला आधी वाटलं, काहीतरी लफडं असणार. शेवटी न राहवून विचारलंच, "काका, समोरून कोणी बोलत नाही का?"

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे फक्त घड्याळाची टिकटिक.

"माझं ठाण्याजवळचं, बाळकुमचं घर," ते म्हणाले. "मुलाने परदेशातून मशीन पाठवलंय. फोन केला की ते आपोआप उचलतं, कोड दाबला की खोलीतलं ऐकू येतं. पुस्तक वाचून लावण्यात माझे दोन रविवार गेले. घरात मी एकटाच. चोर शिरला तर कळायला नको?"

एका सोमवारी त्यांनी कोड दाबला. पुन्हा दाबला. चेहरा उतरला.

"घड्याळ बंद पडलंय. काल चावी द्यायची राहिली."

"मग संध्याकाळी द्या की! चोर तर नाही ना शिरलाय?"

"नाही हो," रिसीव्हर कानाशी तसाच धरून ते म्हणाले. "चोर असता तर काहीतरी ऐकू आलं असतं."

मग ऑफिसकडे न वळता ते ठाण्याची गाडी पकडायला निघाले.