दगडफुलाची फेलोशिप

आमच्या कॉलेजात फेलोशिप फारशी कोणाला मिळत नाही. अर्ज मात्र दरवर्षी जातात, आणि प्रत्येक अर्जामागे एखादा तरी किस्सा उरतोच! परवा स्टाफरूममध्ये सहज आठवायला बसलो, तर चहा गार झाला तरी किस्से संपेनात.

मी कोथरूडच्या या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. स्वतः कधी अर्ज केला नाही. पण सगळ्यांच्या प्रपोजलचं इंग्रजी माझ्याकडेच तपासायला येतं. लग्न कोणाचंही असो, वाढपी मीच! त्यामुळे आतल्या गोष्टी मला जरा जास्तच माहीत असतात.

त्यातल्या बहुतेक सगळ्या आमच्या वानखडे मॅडमच्या. डॉ. सुजाता वानखडे, वनस्पतिशास्त्र. मूळच्या अकोल्याकडच्या, आता वारज्याला असतात. यांचा विषय दगडफूल. तेच हो, गोड्या मसाल्यात घालतो ते! त्याचे असंख्य भाऊबंद झाडांच्या सालींवर आणि जुन्या दगडी भिंतींवर वाढतात. आपण ज्याला डाग म्हणतो आणि घासून काढतो, त्यावर या बाईंचा जीव.

नोकरीला लागल्यापासून त्या पुण्यातलं दगडफूल जमवताहेत. रस्ते रुंद झाले, झाडं गेली, जुन्या भिंती पडल्या. जे त्यांनी पाहिलं त्यातलं निम्मं आता जागेवरही नाही. उरलेलं जायच्या आत त्यांना एक नीट पुस्तक लिहायचं होतं. पण तास, पेपर तपासणी आणि कमिट्या यांतून वेळ कुठला?

म्हणून ती मिड-करिअर फेलोशिप. दोन वर्षं कॉलेजला सुट्टी, पगार चालू, आणि बदली शिक्षकाचा खर्चही फेलोशिप देणारी संस्थाच करणार. अट एकच, वय पन्नाशीच्या आत. मॅडमना पुढच्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही.

*

या फेलोशिपचं पत्रक आलं तेव्हा सगळ्यात आधी उठले ते आमचे परांजपे सर. रसायनशास्त्र शिकवतात, निवृत्तीला टेकलेत, आणि जीभ तिखट. त्यांनी सगळ्यांसमोर संस्थेला फोन लावला.

"मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. चालेल का?"

पलीकडची मुलगी फार नम्र होती. "सर, ही मिड-करिअरवाल्यांसाठी आहे."

"अहो, पण मला अजून सुरुवात झाल्यासारखंच वाटत नाही!"

"मग सर, तरुण संशोधकांसाठी आमची वेगळी स्कीम आहे. पण तिला वय पस्तीसच्या आत लागतं."

परांजपे सरांनी शांतपणे फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "मी कुठल्याच स्कीममध्ये बसत नाही. आता थेट पेन्शनमध्येच बसेन."

*

वानखडे मॅडमनी आदल्या वर्षीही अर्ज केला होता. तो परत आला, सोबत दोन तज्ज्ञांचे शेरे. एकाने म्हटलं होतं, 'विषय फारच लहान आहे.' दुसऱ्याने म्हटलं होतं, 'विषय एका व्यक्तीच्या आवाक्याबाहेरचा आहे.'

मॅडमनी त्या दिवशी डबाही उघडला नाही. शेवटी परांजपे सर त्यांच्या टेबलाशी गेले.

"बाई, यात तुमची काही चूक नाही. एकाने भिंग सुलटं धरलं, दुसऱ्याने उलटं."

मॅडम हसल्या आणि तिथेच मला म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षी पुन्हा इंग्रजी तपासाल ना?" नाही कसं म्हणणार?

*

अर्जासोबत गाईडचं शिफारसपत्र लागतं. मॅडमचे गाईड आता खूप थकलेत, कोथरूडलाच राहतात. ते म्हणाले, "पत्र तुम्हीच लिहून आणा. मी वाचून सही करतो."

आता स्वतःची स्तुती स्वतः कशी लिहायची? मॅडमना दोन ओळींच्या पुढे काही सुचेना. मग सबंध स्टाफरूम कामाला लागली. मी 'देशातील अग्रगण्य संशोधक' घातलं. परांजपे सरांनी 'अत्यंत मेहनती' घातलं. कोणीतरी 'असामान्य प्रतिभा'सुद्धा घालून मोकळं झालं. एवढं झक्कास पत्र मी आजवर कोणासाठी लिहिलेलं नाही.

गाईड सरांनी लाल पेन घेतलं. 'अग्रगण्य' खोडलं. 'असामान्य प्रतिभा' खोडताना तर कागद फाटायचाच बाकी होता. 'अत्यंत मेहनती'तलं 'अत्यंत' गेलं. आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: 'यांनी जमवलेले नमुने खात्रीचे असतात.'

मॅडम स्टाफरूममध्ये आल्या त्या डोळे पुसतच. आम्हाला वाटलं, संपलं सगळं! तर म्हणतात, "सर मला खात्रीचे म्हणाले हो! आणि निघताना स्वतःचं भिंग दिलं. म्हणाले, माझ्या डोळ्यांना आता याचा उपयोग नाही, तुम्ही वापरा."

परांजपे सर म्हणाले, "आमचे वडील आम्हाला एवढंसुद्धा कधी म्हणाले नाहीत."

*

एकदा मॅडमनी डब्यात काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी आणली. काय भाजी होती! आम्ही बोटं चाटली. परांजपे सरांनी तर पोळी संपली तरी रस्सा सोडला नाही.

दोन दिवसांनी मॅडम रडवेल्या होऊन आल्या. अकोल्याहून त्यांच्या सासूबाई आल्या होत्या. कपाटात नीट नावं लिहून ठेवलेली पाकिटं त्यांना सापडली. सह्याद्रीच्या घाटातून आणलेले नमुने! सासूबाईंनी ती फोडली, निवडली, तेलात परतली आणि वर्षाचा मसाला करून टाकला. वर सुनेलाच सुनावलं, "घरात एवढं दगडफूल असताना दुकानातून काहाले आणाचं वं?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. म्हणजे आपण परवा जे खाल्लं ते...

"काही हरकत नाही," परांजपे सर म्हणाले. "तुमच्या संशोधनावर पहिला अभिप्राय आमचा. उत्कृष्ट! फक्त मीठ जरा कमी आहे."

सासूबाईंना मॅडम एक शब्दही बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनाच सोबत घेऊन घाटात गेल्या. आता म्हणे सासूबाई लांबूनच दगडफूल ओळखतात, आणि कोणाला तोडू देत नाहीत.

*

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या दगडी कंपाउंडवर मॅडमना दगडफुलाचा एक सुरेख पट्टा सापडला. त्या रोज कॉलेजला येताना तिथे स्कूटर थांबवून भिंतीला नाक लावून उभ्या राहायच्या. एक दिवस सेक्रेटरी काका बाहेर आले.

"अहो मॅडम, ही भिंत खाजगी आहे. आणि उद्या इथे रंगकाम सुरू होतंय."

कोणीही वाद घातला असता. मॅडमनी भिंग त्यांच्या हातात दिलं. "काका, आधी बघा, मग बोला."

हे त्यांचं पेटंट वाक्य! वर्गात पोरांनाही हेच. काकांनी वाकून भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत गेले. दुसऱ्या दिवशी सगळी भिंत पिवळी धमक, आणि मधोमध तेवढा पट्टा सोडलेला. खाली पाटी: 'येथे रंग लावू नये. वाढ चालू आहे.'

इथवर ठीक होतं. पण पुढच्या मीटिंगमध्ये बी विंगवाल्यांनी लेखी तक्रार दिली. 'आमच्या बाजूच्या भिंतीवर काही का उगवत नाही? मेंटेनन्स तर सारखाच घेता!'

*

आता आमचे प्राचार्य. माणूस वाईट नाही, पण कॉलेजचं गॅदरिंग हा त्यांचा प्राण. फेलोशिप मिळाली तर दोन वर्षं सोडायला हरकत नाही, अशी त्यांची सही लागणार होती. मॅडम केबिनमध्ये गेल्या. धीर द्यायला मीही गेलो.

"दोन वर्षं?" प्राचार्यांनी चष्मा काढला. "कसं शक्य आहे?"

मॅडम घाईने म्हणाल्या, "सर, बदली शिक्षक मिळेल. बॉटनीचं नुकसान होणार नाही."

"बॉटनीचं काय घेऊन बसलात? बॉटनी शिकवायला पन्नास जण मिळतील. रांगोळी स्पर्धा कोण बघणार?"

आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. पण चेहरा गंभीर होता. त्या रांगोळी स्पर्धेत सलग तीन वर्षं भांडण झालं नव्हतं, आणि त्याचं सगळं श्रेय मॅडमचं. परीक्षकांच्या निकालावर कोणी कुरकुर केली की मॅडम म्हणायच्या, आधी बघा, मग बोला. आणि दुसऱ्याची रांगोळी नीट पाहायला लावायच्या.

"आधी मिळू तर द्या," प्राचार्य म्हणाले. "मग सहीचं बघू."

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "सर, मी चांगलं काम करते हीच माझी चूक झाली का हो?" खरं सांगतो, तेव्हा मला प्राचार्यांचा रागच आला होता.

*

आणि शेवटी ती मुलाखत. संस्था पुण्यातलीच, काळ्या दगडाची जुनी इमारत. मुलाखती दोन दिवस चालणार होत्या. मॅडमचा नंबर पहिल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. समितीत पाच जण. अध्यक्ष निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, कपाळावर कायमची आठी.

त्यांचा पहिलाच प्रश्न: "मॅडम, भिंतीवरचे डाग मोजायला दोन वर्षांची रजा कशाला हवी?"

मॅडम उठल्या. "सर, आधी बघा, मग बोला," म्हणाल्या आणि दार उघडून सरळ बाहेर!

समितीला वाटलं, बाई रागावून निघाल्या. समजूत काढायला सगळे मागे धावले. मॅडम जिना उतरून अंगणात, समिती मागोमाग. मॅडम थांबल्या त्या इमारतीच्या मागच्या दगडी भिंतीपाशी. पर्समधून गाईड सरांचं भिंग काढलं आणि अध्यक्षांच्या हातात दिलं.

अध्यक्ष वाकले. मग खाली बसले. मग गुडघे टेकले.

"हे नारिंगी काय आहे?"

"सांगते. पण आधी सगळ्यांचं बघून होऊ दे. रांगेत या. मागच्यांनी गडबड करू नका. आणि नुसती मान हलवू नका, काय दिसलं ते पूर्ण सांगा."

देशातले मोठमोठे पाच प्राध्यापक भिंतीपाशी रांगेत उभे! वर हॉलमध्ये पुढचा उमेदवार एकटाच रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसलेला. मॅडम एका दगडावरून दुसऱ्यावर नेताहेत, हे किती जुनं, हे धुरात टिकतं, हे टिकत नाही, याच्यासारखं आमच्या कोथरूडला होतं ते गेलं. इतक्यात संस्थेतली जेवणाची घंटा झाली.

"चला, आज इथेच थांबू," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं उद्या."

पर्स खांद्याला लावली, स्कूटर काढली आणि निघाल्या!

कोथरूडच्या सिग्नलला थांबल्यावर त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्टाफरूममध्ये शिरल्या तेव्हा चेहरा पांढराफटक.

"अहो, मी इंटरव्ह्यू सोडून आले!"

"म्हणजे?"

"घंटा झाली आणि मी तास सोडला!"

आम्ही इतके हसलो की पोटं दुखली. पण मॅडम हसत नव्हत्या. खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. "शेवटची संधी होती हो. मी बजेटवर बोलले नाही, पुस्तकावर एक शब्द बोलले नाही. भिंगसुद्धा तिथेच राहिलं." मला फार वाईट वाटलं, आणि हसल्याची लाज वाटली. कायम टोमणे मारणाऱ्या परांजपे सरांनी स्वतःचा चहा उचलून मॅडमसमोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्य स्टाफरूममध्ये आले, हातात रांगोळी स्पर्धेचं वेळापत्रक. मॅडमनी मुकाट्याने हात पुढे केला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. संस्थेचा नंबर बघून त्यांचा धीरच होईना, म्हणून मी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"वानखडे मॅडम का? संस्थेच्या ऑफिसातून बोलतोय. अहो मॅडम, सकाळपासून सगळी समिती मागच्या भिंतीपाशी उभी आहे. भिंग अध्यक्षांकडे आहे आणि ते कोणाला देत नाहीत, त्यावरून वाद चाललाय. आजच्या मुलाखती खोळंबल्यात. मी वर बोलवायला गेलो तर म्हणाले, मॅडमनी 'बाकीचं उद्या' सांगितलंय. तर विचारायचं होतं, आजचा तास किती वाजता?"

प्राचार्यांनी वेळापत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

"निघा, निघा," ते म्हणाले. "रांगोळीचं मी बघतो."