झल्लाकची न घडलेली दुपार

उतारवयात प्रथमच लेखणी हाती धरणाऱ्याने वाचकांची क्षमा मागावी की नाही, याबाबत मला कोठे नियम सापडला नाही. म्हणून खबरदारी घेऊन ती मागून ठेवतो. लिहिण्याचा माझा काहीही अधिकार नाही. परंतु वकिलीच्या परीक्षेसाठी मी अर्ज केला आणि त्यापायी साऱ्या बहारीनमध्ये माझे नाव एका परस्त्रीशी जोडले गेले, ही हकिगत कोणीतरी नीट लिहायला हवी. आणि ती स्त्री अस्तित्वातच नसल्यामुळे ते काम माझ्यावरच येते.

ऐंशी सालच्या आसपास मी मनामातील एका बँकेत कागदपत्रे तपासण्याच्या कामावर होतो. पुण्यात एलएल. बी. झालो होतो. मात्र न्यायालयात प्रथम उभा राहिलो तेव्हा न्यायाधीश "बोला" म्हणाले आणि मी "नको, असू द्या" म्हणून खाली बसलो! (अशील अद्याप रागावलेला असावा.) आमच्या अमेरिकन साहेबांनी एके दिवशी सांगितले, "आमच्याकडच्या एका राज्याची बार परीक्षा दे. पास झालास तर लीगल अ‍ॅडव्हायझरची जागा तुझी, आणि रिफाच्या साहेबवस्तीत बंगला." (बार म्हणजे वकिलांचा. बहारीनमध्ये हा खुलासा आधी करावा लागे.) आम्ही राहत होतो दोन खोल्यांत. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीला टेकलेली. माझी पत्नी सुलभा त्याच आठवड्यात बाजारात गेली आणि रिफाच्या बंगल्यासाठी पडद्यांचे कापड घेऊन आली!

अर्जाला एक अट होती. उमेदवाराचे नैतिक चारित्र्य उत्तम असल्याचे प्रतिज्ञापत्र दोन परिचितांनी परस्पर पाठवावे. उमेदवाराने ते पाहू नये. माझे परिचित मुळातच दोन. पहिले खालच्या मजल्यावरचे बाबल परब, वेंगुर्ल्याचे, ट्रेलर चालवणारे. मी त्यांचे दार वाजवले आणि घसा साफ करून म्हणालो,

"परब, माझ्या चारित्र्याचा दाखला द्याल का?"

परबांनी मला आत ओढले आणि दाराला कडी घातली.

"वकीलसायबानू, कोण ती?"

"कोण कोण?"

"बाई वो! चारित्र्याचो दाखलो कोण उगीच मागता?"

"अहो, कोणीही नाही. नियमच आहे तसा."

"मफी मुश्किल, काय एक अडचण नाय! भियाव नकात, मी आसंय मां! कदी झाला ता फक्त सांगा. त्या दिसा तुमी माझ्यावांगडा होतास."

"पण काही झालेलेच नाही!"

"शाबास! आसाच बोलत रवा," परब माझी पाठ थोपटत म्हणाले.

दुसरे परिचित मनामातल्याच अदलिया भागातले गोखले इंजिनिअर. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि पत्नीला सांगितले. गोखलेवहिनी दुसऱ्याच दिवशी डब्यात शिरा घेऊन आमच्याकडे आल्या. मी आतल्या खोलीत होतो.

"सुलू, धीर धर गं. संसार म्हटला की एखाद्या वेळी मोठं मन करावं लागतं."

"कशाबद्दल, वहिनी?"

"भावोजींच्या... त्या प्रकरणाबद्दल."

सुलभाचे हसणे सुरू झाले आणि ते काही केल्या थांबेना.

"ह्यांचं प्रकरण? अहो वहिनी, फोनवर बाईचा आवाज आला की हे रिसीव्हर माझ्या हातात देतात!"

माझे निर्दोषत्व सिद्ध झाले, पण आतल्या खोलीत मला फारसे बरे वाटले नाही.

काही आठवड्यांनी परीक्षा मंडळाचा लिफाफा बँकेच्या पत्त्यावर आला, आणि तो साहेबांनीच फोडला. आत दोन्ही प्रतिज्ञापत्रांच्या प्रती होत्या. परबांनी सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, टायपिस्टकडून लिहवून घेतले होते, 'सदर इसम त्या दुपारी माझ्यासोबत झल्लाकच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसला होता. तारीख तुम्ही म्हणाल ती.' गोखल्यांचे इंग्रजी निर्दोष होते, 'त्यांच्या पत्नीने त्यांना थोर मनाने क्षमा केली आहे. सबब आम्हीही केली आहे.' खाली मंडळाचा प्रश्न होता, त्या दुपारी नक्की काय घडले?

साहेबांनी चष्मा काढला. "मलाही तेच विचारायचंय. कोण ती?"

मी कायद्याचा पदवीधर. सत्याला धरून उत्तर पाठवले, 'त्या दुपारी काहीही घडले नाही. मी झल्लाकला आजवर गेलेलो नाही.' अशा रीतीने माझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार मी स्वहस्ते खोटा पाडला! मंडळाने उलट टपाली विचारले, 'मग आपण कोठे होता?'

मी परबांकडे धावलो. "परब, एवढं लिहून द्या, की ते चुकून लिहिलं गेलं."

"म्हंजे मी खोटो? सई केलंय मी! माका विचारल्याशिवाय तुमी झल्लाक नाय म्हणालास कसे?"

रागाच्या भरात त्यांनी दुसरे प्रतिज्ञापत्र पाठवले. त्यात गळाला लागलेल्या माशाचे वर्णन होते, आणि शेवटी, 'बाई असलीच तर ती चांगल्या घरातली असणार, कारण साहेब शिकलेले आहेत.'

रिफा आता वाळवंटात दिसेनासे होऊ लागले. पडदे मात्र शिवून तयार होते. सुलभाने त्यांच्याकडे एकदा पाहिले, कागद पुढे ओढला आणि म्हणाली, "आता मी लिहिते. तुम्ही मध्ये बोलू नका." (ही सूचना अनावश्यक होती.) तिने लिहिले, 'माझ्या पतीच्या हातून वाईट कृत्य होणे अशक्य आहे, कारण त्यासाठी आधी कोणाशी तरी बोलावे लागते. उपाहारगृहात दुसऱ्याची थाळी समोर आली, तर हे मुकाट्याने खातात आणि बिलही देतात. टॅक्सीवाला घर ओलांडून पुढे गेला, तर हे पुढे उतरून चालत परत येतात.' तिने आणखी बरीच उदाहरणे दिली. ती सर्व खरी होती.

परीक्षेस बसण्याची परवानगी तत्काळ आली! पत्रात लिहिले होते, 'चारित्र्याविषयी मंडळाचे पूर्ण समाधान झाले आहे. वकिलीच्या व्यवसायाबाबत उमेदवाराने एकवार पुनर्विचार करावा.'

मी रजा घेऊन अमेरिकेस गेलो. भल्यामोठ्या सभागृहात बसून प्रश्नपत्रिका उघडली आणि पहिला प्रश्न वाचला. एक स्नेही अशिलाच्या बचावासाठी, तो त्या दिवशी आपल्यासोबत असल्याचे खोटेच शपथेवर सांगतो. वकिलाचे कर्तव्य काय? आयुष्यात प्रथमच मला बोलण्यासारखे काही होते! मी लिहीत सुटलो. साक्षीदाराचा स्वभाव, त्याचा राग, टायपिस्टची इंग्रजी भाषा, मासा, शिरा! 'वेळ संपली' असे पुकारले तेव्हा मी गोखलेवहिनींपर्यंत पोहोचलो होतो. पुढचे प्रश्न मी वाचलेसुद्धा नव्हते.

निकाल सांगण्याची आवश्यकता नाही. रिफाचा बंगला दुसऱ्याला मिळाला. ते पडदे आम्ही मनामातच लावले; खिडकी वीतभर, पडदे जमिनीवर लोळणारे. सुलभा एवढेच म्हणाली, "भिंत झाकली गेली, हेही नसे थोडके."

पण एक विचित्र गोष्ट घडली. ज्या मला गणेशोत्सवात कोणी सतरंजी उचलायलाही बोलावत नसे, त्या माझ्याकडे मंडळी वळून पाहू लागली. "दिसतात साधे, पण..." अशी कुजबुज माझ्या कानी येई. परब तर निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला निघाले त्या दिवशी, विमानतळावर माझ्या कानाशी लागले,

"वकीलसायबानू, खलास, आता मी चललंय. आता तरी सांगा, कोण होती ती?"

मी नुसता हसलो. हसताना (का कोण जाणे!) मिशीवरून हातही फिरवला. शेजारी उभ्या असलेल्या सुलभाने ते पाहिले आणि ती पुन्हा हसू लागली, ती थेट घरी पोहोचेपर्यंत.

तिचा आजही विश्वास बसत नाही. पण वाचकहो, तुम्ही त्रयस्थ आहात. खरे सांगा, तुम्हाला तरी मी थोडाफार तसला माणूस वाटतो का?