झाकण उघडंच आहे

कोमल शिळीमकर भांडखोर आहे, हे भोरच्या बाजारात कुणीही सांगेल. भाजीवाल्यानं काटा मारला, तर ती अर्धा बाजार गोळा करते. माहेर राजगडाच्या पायथ्याचं, पालीचं. लग्न होऊन भोरात आली आणि सिद्धनाथ सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली.

एकदा सरांनी पुण्यातल्या बंद पडलेल्या ऑफिसातून जुने लॅपटॉप आणले. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. मूळची सिस्टीम त्यांच्यावर रांगत चालायची, म्हणून कोमलनं त्यांच्यात लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी सिस्टीम टाकली आणि नवंच खूळ निघालं. लॅपटॉप सुरू व्हायचा आणि क्लासच्या पोरी पासवर्ड टाकेपर्यंत झोपी जायचा. उठवला की पुन्हा झोपायचा.

"घाला भंगारात," सर वैतागले.

"भंगारात कशाला? आधी दुखणं तर बघू."

दुखणं हाती लागायला बरेच दिवस गेले. लॅपटॉपच्या बोर्डावर कंपनीनं एक प्रोग्राम कायमचा बसवून दिलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. बॅटरी किती उरली, झाकण उघडं की बंद, हे सिस्टीमला तेच कळवतं. या मॉडेलचं फर्मवेअर धडधडीत खोटं बोलत होतं. झाकण सताड उघडं असताना सांगायचं, बंद आहे. लिनक्स त्यावर विश्वास ठेवून मशीन झोपवायचं.

कोमलनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आमच्या सिस्टीमवर तर व्यवस्थित चालतं," पलीकडचा माणूस म्हणाला. "लिनक्सला आमचा सपोर्ट नाही. मॉडेलही जुनं आहे. नवं घ्या ना."

"तुमची सिस्टीम सुरू होताना झाकणाचं विचारतच नाही, म्हणून खोटं खपून जातंय. दोष तुमचाच आहे."

फोन कट झाला.

'फर्मवेअर काही म्हणो, झाकण उघडंच समज,' अशी सूचना लिनक्सला देता येते. कोमलनं ती एकेका लॅपटॉपवर दिली आणि क्लास सुरू झाला. सरांच्या लेखी विषय मिटला. तिच्या लेखी नाही. दुसऱ्या कुणी याच मॉडेलवर लिनक्स टाकलं की तोच घोळ होणार, आणि कंपनी मात्र नामानिराळी! लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, अशा खोटारड्या मशीनची नोंद ठेवतात: झाकणाच्या बाबतीत यांचा शब्द मानू नका. जगभरातली माणसं तिथं दुरुस्त्या पाठवतात. कोमलनं ठरवलं, आपलंही मॉडेल तिथं गेलंच पाहिजे.

"कंपनीशी कशाला वैर घेतीस गं?" सासूबाई, भामाबाई, म्हणाल्या. "मशीन चालतंय न्हवं?"

"चालतंय, आत्या. पण ते म्या चालवलंय, त्यांनी न्हाई."

तिची पहिली दुरुस्ती परत आली. मांडणी चुकली आहे, पुरावा जोडा, असं दुरुस्त्या तपासणाऱ्यांपैकी एकानं कळवलं. दुसऱ्यानं लिहिलं, हे काम कंपनीचं आहे, फर्मवेअर त्यांच्याकडून सुधारून घ्या. ते वाचून कोमलला संतापानं रडूच आलं. मग डोळे पुसून तिनं फर्मवेअरचा झाकणाची खबर देणारा भाग उलगडून काढला. झाकण एकदा मिटून उघडल्याशिवाय त्याचं उत्तर 'बंद' असंच येत होतं. तो पुरावा जोडून, मांडणी नीट करून तिनं पुन्हा पाठवलं. खाली लिहिलं, "कंपनीनं नकार दिला आहे. मशीनं आमच्याकडं आहेत. कंपनीला लाज वाटेपर्यंत आमच्या मुलींनी थांबायचं का?"

उत्तर आलं ते एवढंच: दुरुस्ती घेतली आहे.

कर्नलची नवी आवृत्ती आल्यावर तिनं सरांसमोर एका लॅपटॉपवर लिनक्स अगदी कोरं टाकलं. कसलीही सूचना दिली नाही. लॅपटॉप सुरू झाला आणि जागा राहिला. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

पुढं एक दिवस क्लास चालू असतानाच कंपनीचा फोन आला. या वेळी आवाज मधाळ होता. "मॅडम, लिनक्सच्या त्या नोंदीत आमच्या मॉडेलचं नाव आलंय. लोकांचा गैरसमज होतो. तेवढं काढायला सांगाल का? तुमच्या क्लासला आम्ही काहीतरी मदत करू."

"फर्मवेअर सुधारून द्या. काढा म्हणून मी स्वतः लिहिते."

"ते मॉडेल आता जुनं झालं, मॅडम."

"मग नाव राहू दे," म्हणत या वेळी तिनंच फोन ठेवला.

"अहो, काय मदत देतायत, ते तरी विचारायचं!" सर हळहळले.

"विचारलं असतं, तर तुम्ही घेतली असती," कोमल म्हणाली आणि पोरींकडं वळून शिकवायला लागली.