सिंह राशीकडची ऊब

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गेल्या महिन्यात सांगलीजवळच्या कुपवाडहून नामदेवच्या मुलीचा फोन आला, "काका, आप्पा गेले." रडू येण्याआधी मनात आलं, आता विचारणारं कुणी उरलं नाही... त्या विचाराची लाज अजून जात नाही.

आम्ही दोघं साताऱ्यात एकाच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. विश्वाच्या जन्मापासून उरलेली क्षीण ऊब आकाशातून सगळीकडून येते. सूर्य आपल्याला घेऊन ज्या दिशेला धावतो, तिकडची कणभर जास्त भरते. परदेशात हे मोजून झालं होतं. नामदेवला ते आटपाडीकडच्या आपल्या गावातून मोजायचं होतं. ती ऊब टिपणारा पत्र्याचा कर्णा त्यानं स्वतः झाळून जोडला. "सूर्य कुठं निघालाय ते आमच्या माळवदावरनं बघू की रं," म्हणायचा.

थंडीत कर्णा आभाळाकडे तोंड करून ठेवला. तो खाली उबेची रेघ काढणाऱ्या यंत्रापाशी, मी वर राखणीला. पहाटे दव पडायचं. कर्ण्याखालच्या पेटीला ओल लागू नये म्हणून त्याच्या आईनं मला दिलेली घोंगडी मी तिच्यावर टाकायचो. टोक कर्ण्याच्या तोंडावर येतंय, हे ध्यानातच आलं नाही. ओली लोकर आभाळापेक्षा कितीतरी उबदार. आणि नेमकी त्याच वेळी सिंह रास डोक्यावर असायची. सूर्य धावतो तो तिकडेच. खाली रेघ चढली. नामदेव धावत वर आला, तोवर थंडी वाजली म्हणून घोंगडी मी उचलून अंगावर घेतली होती. "गड्या, घावला!" म्हणत त्यानं मला मिठी मारली.

नामदेवनं आकडे जाहीर केले. उन्हाळ्यात खात्री करायला आलेल्या तज्ज्ञांसमोर प्रयोग पुन्हा केला. दव नाही, घोंगडी नाही, रेघ सपाट. यंत्रावर काही झाकलं होतं का, असं त्यांनी विचारलं. नामदेव ठामपणे नाही म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला सगळं उमगलं... आणि मीही मान हलवून नाही म्हणालो. आकडे बनवल्याचा ठपका त्याच्यावर आला. त्यानं नोकरी सोडली, कुपवाडच्या शेडमध्ये पत्र्याच्या पेट्या करत राहिला. मी विभागप्रमुख झालो.

शेवटच्या भेटीत त्यानं माझा हात धरला. "तुला तरी माझं खरं वाटतंय न्हवं?"

"व्हय."

"मग बास."

तेराव्याला ती घोंगडी घेऊन गेलो. वहिनींनी सासूच्या त्या घोंगडीवरून हात फिरवला. "आवं भावजी, आत्याबाईंच्या हातचं सूत हाय हे. एवढं जपलंसा... ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच." आणि माझ्याच खांद्यावर टाकली.

एसटीत मी सातारा ते सांगली एकच वाक्य घोकत गेलो होतो. तसंच घेऊन परत आलो. वहिनी, नामदेव खोटं बोलला नव्हता, खोटं मी बोललो, मला माफ करा.